साडेसहा हजार दिरहम आणि चार माणसं: आखातातल्या एका शिक्षिकेच्या पगाराचं प्रकरण

संयुक्त अरब अमिरातीतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेतून ऑफर लेटर आलं, की घरात पहिला हिशेब होतो तो गुणाकाराचा. पाच हजार दिरहम गुणिले साडेबावीस, म्हणजे एक लाख साडेबारा हजार रुपये. इथल्या खाजगी शाळेत पस्तीस हजारांवर सही करून प्रत्यक्षात त्याहून कमी घेणाऱ्या शिक्षिकेला हा आकडा बघून झोप लागत नाही, त्यात नवल नाही.

हे प्रकरण अशाच एका कुटुंबाचं. अशा अनेक घरांतून दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते बेतलं आहे. त्यामुळे घरखर्चाचे आकडे या कुटुंबापुरते समजावेत. कायद्याचे आकडे आणि तारखा मात्र आहेत तशाच दिल्या आहेत. रुपयाचा भाव सगळीकडे एका दिरहमला साडेबावीस धरला आहे.

पहिलं वर्ष: बाई एकट्या

बाई महाराष्ट्रातल्या. भौतिकशास्त्रात एमएस्सी, बीएड, खाजगी शाळेत आठ वर्षांचा अनुभव. नवरा एका कंपनीत हिशेबनीस, हातात महिना २८,००० रुपये. मुलगी सातवीत, मुलगा दुसरीत. फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता ३१,००० रुपये.

दुबईच्या अल कुसैस भागातल्या शाळेत नोकरी मिळाली. त्या भागात भारतीय शाळांची दाटीच आहे. पगार रोख ५,००० दिरहम, शिवाय शाळेच्या फ्लॅटमध्ये दोन सहकारी शिक्षिकांबरोबर राहण्याची सोय. पदव्यांचं अटेस्टेशन म्हणजे सरकारी साक्षांकन, एजंट, कपडेलत्ते यांत घरचे दीड लाख गेले. अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने सोसायचा असतो, कर्मचाऱ्याकडून वसूल करायचा नसतो. एजंट मात्र भारतात बसलेला असतो आणि हा कायदा त्याला कुणी दाखवत नाही.

एकटीचा खर्च महिना ११०० दिरहमच्या आत राहिला. ३,३०० दिरहम घरी जायचे, म्हणजे ७४,२५० रुपये. ६०० बाईंच्या खात्यात राहायचे. घरी हप्ता आणि तिघांचा ३८,००० चा घरखर्च भागून महिना ३३,००० च्या आसपास शिल्लक. वर्षाअखेर अटेस्टेशनचे दीड लाख वजा जाऊन एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यात अडीच लाख रुपये आणि तिकडे ७,२०० दिरहम जमले. एनआरई खात्यावरच्या व्याजाला अनिवासी असेपर्यंत भारतात आयकर नाही आणि अमिरातीत पगारावर आयकर नाहीच. कागदावर ही व्यवस्था उत्तम होती. नोकरीला गेलेल्या माणसाने एकटं राहून पैसे पाठवायचे, हे आखाताचं गणित पन्नास वर्षं असंच चाललंय.

मोडलं ते दुसऱ्या बाजूने. मुलगा व्हिडिओ कॉलवर यायचा बंद झाला. मुलीचं वय असं, की तिला जे बोलायचं ते वडिलांशी बोलता येईना. बाईंनी ठरवलं, एप्रिलमध्ये सगळ्यांना आणायचं. भारतीय शाळांचं वर्ष तिकडेही एप्रिलमध्येच सुरू होतं, तेव्हा मुहूर्त तोच.

नवरा फोनवर म्हणाला, "अगं, लाख-दीड लाखात चार माणसं आरामात राहतील."

बाई म्हणाल्या, "अहो, साडेबावीसने गुणू नका. इथे भाजीसुद्धा दिरहममध्येच आणायची आहे."

बाईंना हे कळत होतं, तरीही पुढचं सगळं घडलं. रुपयाने ते थोडं सोपंही करून दाखवलं. दिरहम डॉलरला १९९७ पासून ३.६७२५ च्या दराने बांधलेला आहे. रुपया घसरला की दिरहम आपोआप महागतो. २०१४ साली दिरहमचे सोळा-सतरा रुपये मिळायचे, २०२२ च्या अखेरीला बावीसच्या वर. म्हणजे २०१४ मध्ये पाच हजारांची नोकरी ८२,००० ची वाटायची, आता तीच साडेबावीसच्या भावाने एक लाख साडेबारा हजारांची वाटते, आणि शाळेने पगारात एक दिरहमही वाढवलेला नसतो. हा फायदा फक्त घरी पाठवलेल्या पैशावर मिळतो. कुटुंब तिकडे गेलं, की पाठवायचं उरतं ते हप्त्यापुरतं. रुपया कितीही पडला तरी शारजाहच्या घरमालकाला त्याचं सोयरसुतक नसतं.

आणण्याआधीचा हिशेब

व्हिसाची अडचण नव्हती. २०१९ पासून कुटुंबाला स्पॉन्सर करण्यासाठी, म्हणजे आपल्या व्हिसाच्या आधारावर तिकडे आणण्यासाठी, व्यवसाय न बघता उत्पन्न बघतात: ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय. बाई त्यात बसत होत्या. पण व्हिसासाठी पुरेसा पगार आणि घर चालायला पुरेसा पगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकार पहिली तपासतं. दुसरी आपली आपण तपासायची असते.

शाळेचा फ्लॅट सोडल्याबद्दल घरभाडे भत्ता १,५०० मिळाला. पगार झाला ६,५००, वर्षाचे ७८,०००. त्यात बेसिक, म्हणजे मूळ वेतन, २,६००. या शेवटच्या आकड्याकडे तेव्हा कुणीच लक्ष दिलं नाही.

घर शारजाहच्या अल नहदा भागात घ्यायचं ठरलं. अल नहदा नावाची वस्ती सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना आहे, एक दुबईत, एक शारजाहत. रस्ता ओलांडला की भाडं उतरतं. शिवाय शारजाहच्या कायद्यात करार सुरू झाल्यापासून तीन वर्षं भाडं वाढवता येत नाही. एका पगारावर चालणाऱ्या घराला स्वस्त भाड्याइतकीच न हलणाऱ्या भाड्याची गरज असते, त्यामुळे हा निर्णय मला या प्रकरणातला सर्वांत शहाणा वाटतो. किंमत म्हणून पहाटे उठावं लागतं. शाळा फार तर काही किलोमीटरवर, पण सकाळी शारजाहहून दुबईला जाणारी रांग बघितलेला माणूस अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाही.

वर्षाचा खर्च असा:

घरभाडं, वन बीएचके: ३२,०००
दोन मुलांची फी, कर्मचाऱ्यांची निम्मी सवलत धरून: ९,०००
वह्या-पुस्तकं, गणवेश: २,०००
वीज, पाणी, गॅस, इंटरनेट: १०,२००
किराणा, भाजी, दूध: १८,०००
फोन, प्रवास, औषधं, किरकोळ: ७,२००
नवरा आणि मुलांचा आरोग्य विमा: २,४००

एकूण ८०,८००. मिळकत ७८,०००.

विम्याची ओळ पुष्कळांना नवीन असते. दुबईच्या २०१३ च्या आरोग्य विमा कायद्यानुसार कर्मचाऱ्याचा विमा मालक काढतो, पण कुटुंबाचा ज्याने त्यांना स्पॉन्सर केलं त्याने काढायचा. "मेडिकल इन्शुरन्स मिळेल" हे ऑफर लेटरमधलं वाक्य कुणासाठी आहे, ते तिथेच विचारून घ्यावं.

भारतातला हप्ता वेगळाच. वर्षाचे ३,७२,००० रुपये. फ्लॅट भाड्याने दिला, महिना १४,००० मिळाले. उरलेली दोन लाख चार हजारांची तूट म्हणजे साधारण ९,०७० दिरहम, बाईंच्या पगारातून.

आणि एकदाच होणारा खर्च: डिपॉझिट, दलाली आणि वीज-पाण्याची अनामत ५,५००, तिघांचे व्हिसा, वैद्यकीय तपासणी आणि एमिरेट्स आयडी ४,५००, विमानाची तिकिटं २,७००, जुनं फर्निचर आणि फ्रिज ४,०००. बेरीज १६,७००.

सगळं मिळून पहिल्या वर्षी, नवऱ्याला नोकरी लागलीच नाही असं धरलं तर, सुमारे २८,६०० दिरहमची तूट. रुपयांत सव्वासहा लाखांच्या वर. हाताशी होते अडीच लाख रुपये आणि ७,२०० दिरहम, म्हणजे सगळे मिळून १८,३००.

कुटुंबाने हा हिशेब केला नव्हता असं नाही. केला होता, पण त्यात एक ओळ जास्त होती: नवऱ्याची नोकरी, दोन महिन्यांत, ४,५०० दिरहम. ती ओळ घातली की वर्षाअखेर सोळा-साडेसोळा हजार शिल्लक दिसायचे. पगाराचा आकडा पुढे बरोबर निघाला. चुकला तो महिना.

सात महिने

नवऱ्याचा पंधरा वर्षांचा अनुभव टॅलीवरचा आणि जीएसटीचा. तिकडे २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे, त्याची विवरणपत्रं भरलेला माणूस मालकांना हवा असतो. "गल्फ एक्स्पीरिअन्स?" हा पहिला प्रश्न, आणि उत्तर "नाही" आलं की मुलाखत तिथेच संपायची. एक गोष्ट बाजूने होती. पत्नीच्या व्हिसावर असलेल्या माणसाला व्हिसा न बदलता कामगार मंत्रालयाच्या परवान्यावर नोकरी करता येते. मालकाचा व्हिसाचा खर्च वाचतो. पुढे नोकरी लागली त्यातही या गोष्टीचा वाटा होताच.

तोपर्यंत मुलांना आणणं-नेणं, स्वयंपाक, बाजार हे सगळं नवऱ्याने केलं. त्याबद्दल फार लिहीत नाही. नातेवाईकांच्या ग्रुपवर त्यावर जे विनोद झाले ते वाचकांनी स्वतःच कल्पावेत. मुलगा आठवड्यात रुळला. मुलीचं अवघड गेलं. राज्य मंडळातून थेट सीबीएसईच्या आठवीत, मराठी विषय नाही आणि अमिरातीतल्या खाजगी शाळांत नववीपर्यंत सक्तीचं अरबी. वर्गातली मुलं पहिलीपासून शिकलेली, ही उजवीकडून डावीकडे अक्षरं गिरवायला आठवीत बसली. त्यासाठी शिकवणी लावायची म्हटलं तर तोही खर्चच. शेवटी स्टाफरूममधल्या अरबीच्या मॅडमनी मधल्या सुट्टीत शिकवलं आणि बाईंनी त्यांच्या मुलाला गणित. पगाराच्या चिठ्ठीत न दिसणारी ही मदत शाळेच्या नोकरीत असते, हे नोंदवायला हवं.

पैशाची खरी ओढाताण महिन्याच्या बेरजेने होत नव्हती, तारखांनी होत होती. तिकडे भाडं महिन्याला देत नाहीत. वर्षाच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यायचे. चेक जितके कमी, तितकं भाडं उतरतं. या कुटुंबाने सहा चेक दिले, प्रत्येकी सुमारे ५,३३३ चा, दर दोन महिन्यांनी, पंचवीस तारखेचा. शाळेचा पगार अठ्ठावीसला. करार करताना ही तीन दिवसांची फट कुणाच्या डोळ्यांत आली नाही. म्हणजे ज्या पगारातून भाडं जाणार असं वाटत होतं, तो पगार चेक वटायच्या तारखेनंतर यायचा, आणि आधीचा पगार तोवर किराण्यात आणि फीत गेलेला असायचा.

ऑक्टोबरमध्ये चौथ्या चेकच्या आदल्या दिवशी खात्यात २,१०० होते. पूर्वी तिकडे चेक न वटणं म्हणजे थेट फौजदारी होती. जानेवारी २०२२ पासून कायदा बदलला. नुसत्या अपुऱ्या शिलकीसाठी बहुतेक प्रकरणं आता दिवाणी वसुलीने चालतात, आणि खात्यात आहे तेवढी रक्कम बँकेने देऊन टाकायची असते. पण जुन्या लोकांच्या मनातली भीती गेलेली नाही, आणि वसुलीचा अर्ज झाला तरी पुरेसा मनस्ताप होतोच. नवरा संध्याकाळी खाली जाऊन इमारतीच्या नातूरला भेटला. नातूर म्हणजे तिथला रखवालदार, पण भाडेकरू आणि घरमालकाचं ऑफिस यांच्यातला खरा दुवा तोच. त्याने फोन लावून दिला, ऑफिसने चेक चार दिवस थांबवला. पुढच्या दोन चेकच्या तारखा बदलून मागितल्या, त्याही मिळाल्या. मागितलं असतं तर पहिल्या दिवशीही मिळाल्या असत्या. पगार महिनाअखेरीला असेल तर चेक पाच तारखेचे द्यावेत. या प्रकरणातून कुणी एकच गोष्ट उचलणार असेल, तर मी ही उचला म्हणेन.

सातव्या महिन्याअखेर खड्डा २६,००० च्या आसपास गेला. साठवलेले १८,३०० संपले. उरलेल्या आठ हजारांसाठी भारतात बाईंच्या दागिन्यांवर दीड लाखाचं सोनेतारण कर्ज काढलं, थोडं क्रेडिट कार्डावर गेलं. आठव्या महिन्यात नवऱ्याला देरा भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत हिशेबनिसाची नोकरी लागली, ४,५०० दिरहम. उरलेल्या पाच महिन्यांत त्याचे २२,५०० आले, कर्ज आणि कार्ड फिटलं, आणि वर्षाची निव्वळ तूट ६,००० वर थांबली.

शिकवणीचा प्रश्न

"फिजिक्सच्या बाईंना काय कमी? संध्याकाळी चार मुलं घेतली की भाडं निघतं." हे त्यांना स्टाफरूममध्ये, इमारतीत, फोनवर सगळ्यांनी सांगितलं. खोटंही नाही. परवान्याशिवाय शिकवणी बेकायदा असूनही घरोघरी चालते.

डिसेंबर २०२३ मध्ये शिक्षण आणि कामगार मंत्रालयांनी खाजगी शिकवणीसाठी परवाना सुरू केला. दोन वर्षांचा, विनाशुल्क, शाळेत नोकरी करणाऱ्या शिक्षकांनाही खुला. पण नोकरीत असलेल्याला मालकाचं ना-हरकत पत्र जोडावं लागतं. बाईंनी मागितलं, शाळेने नकार दिला. कारण लेखी दिलं नाही. तोंडी सांगितलं, "एकीला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल."

बाईंनी परवान्याशिवाय शिकवणी घेतली नाही. हे त्यांच्या सचोटीचं उदाहरण म्हणून सांगत नाही. हिशेबच तसा होता. नवऱ्याचा आणि दोन्ही मुलांचा व्हिसा बाईंच्या नोकरीला टांगलेला, मुलांच्या फीची सवलत त्याच नोकरीला, घराचा करारही बाईंच्याच नावावर. एकट्या शिक्षिकेची नोकरी गेली तर एका माणसाला बॅग भरावी लागते. इथे चौघांना भरावी लागली असती. महिन्याच्या हजार-दीड हजारासाठी एवढं पणाला लावणारे आहेत, आणि बहुतेक निभावूनही नेतात. तरी मी बाईंच्या बाजूचा आहे.

चूक असलीच तर ती वेळेची. ना-हरकत पत्राबद्दल विचारायचं ते सहीच्या आधी. शाळेला भौतिकशास्त्राचा शिक्षक मार्चमध्ये हवा असतो, तेव्हा ती बऱ्याच गोष्टींना हो म्हणते. सप्टेंबरमध्ये म्हणत नाही.

बेसिक २,६००

आता तो बाजूला ठेवलेला आकडा. परदेशी कर्मचाऱ्याला अमिरातीत भारतासारखा पीएफ नाही. नोकरी सोडताना मिळते ती ग्रॅच्युइटी: २०२१ च्या कामगार कायद्यानुसार, एक वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचं वेतन, त्यानंतर दरवर्षी ३० दिवसांचं, एकूण दोन वर्षांच्या वेतनाच्या मर्यादेत. वेतन म्हणजे इथे शेवटचं बेसिक, हातात येणारी रक्कम नव्हे.

बाईंचा पगार ६,५००, पण ग्रॅच्युइटी २,६०० वर. वर्षाचे १,८२० दिरहम. पाच वर्षांचे ९,१००. हाच साडेसहा हजार पगार बेसिक ४,००० धरून मांडला असता तर पाच वर्षांचे १४,००० झाले असते, आणि महिन्याला हातात येणाऱ्या रकमेत काहीच फरक पडला नसता. शाळा बेसिक कमी का ठेवतात याचं उत्तर याच वजाबाकीत आहे.

दुसरं टोक बेरोजगारी विम्याचं. २०२३ पासून तो सक्तीचा आहे. बेसिक १६,००० पर्यंत असेल तर महिन्याला ५ दिरहम भरायचे, वर्षभर भरल्यानंतर नोकरी गेली तर बेसिकच्या ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने. आपण होऊन राजीनामा दिला तर काही नाही. बाईंच्या बाबतीत महिना १,५६०. भाड्याचा एक चेक वटायला साडेतीन महिन्यांची भरपाई लागेल आणि मिळणार तीन महिन्यांची. ५ दिरहममध्ये याहून जास्त अपेक्षा करणं चूक, पण "इन्शुरन्स आहे ना" म्हणून निर्धास्त राहणं त्याहून मोठी चूक.

भारतात आठ वर्षं कापला गेलेला पीएफ बाईंनी जाताना काढला नव्हता, हे बरं झालं. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. सेवा टिकवून ठेवणारं स्कीम सर्टिफिकेट घेता येतं. परत येऊन दोन वर्षं नोकरी केली तर पेन्शनचा हक्क लागतो, आणि शिक्षिकेला परत आल्यावर नोकरी मिळते. नवऱ्याच्या पंधरा वर्षांच्या अनुभवाबद्दल तेवढ्या खात्रीने बोलता येत नाही.

दुसरं वर्ष

दोघांचे मिळून ११,०००, वर्षाचे १,३२,०००. घरखर्च तोच, भाडं वाढलं नाही. हप्त्याची तूट ९,०७०, उन्हाळ्यात तिघांची भारतवारी ४,५००. बाईंचं तिकीट शाळा देते. शिल्लक साधारण ३७,६०० दिरहम, महिन्याला रुपयांत सत्तर हजार. बाई एकट्या राहत होत्या तेव्हा दोन्हीकडचं मिळून महिन्याला ४७,००० च्या आसपास मागे पडायचे. म्हणजे कुटुंब एकत्र राहूनही पैसे जास्त उरले, पण दुसऱ्या पगारामुळे. शिक्षिकेच्या एका पगारावर हे घर तिकडे चालत नव्हतं, दुसऱ्या वर्षीही चाललं नसतं. ज्या घरात दुसरी व्यक्ती तिकडे कमावण्याजोगी नाही, त्या घराने हे प्रकरण वाचून धीर येऊ देऊ नये.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. फ्लॅटच्या भाडेकरूच्या सीएने दुसऱ्या वर्षी त्याला सांगितलं, की मालक अनिवासी असतील तर भाड्यातून ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापायला हवा, रक्कम कितीही लहान असली तरी. चौदा हजारांचे नऊ हजार सहाशे हातात येऊ लागले. भाड्याचं उत्पन्न करपात्र मर्यादेखाली आहे, त्यामुळे रिटर्न भरला की कापलेले पैसे परत येतात. पण येतात वर्षाने, आणि हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला असतो. पहिल्या वर्षी भाडेकरूला ठाऊक नव्हतं, मालकांनाही.

मार्चमध्ये करार नवा करताना शाळेने ३०० दिरहम वाढ देऊ केली, भत्त्यांमध्ये. बाईंनी तेवढीच वाढ बेसिकमध्ये मागितली. एचआरच्या मुलीने दोनदा विचारलं, "मॅडम, हातात तर तेवढेच येणार." बाईंनी हो म्हटलं. बेसिक २,९०० झालं. ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिकवर निघत असल्याने मागच्या वर्षांनाही तोच दर लागणार, वर्षाला १,८२० ऐवजी २,०३०. रक्कम मोठी नाही. शाळेकडून याहून मोठं काही मिळण्याजोगं होतं असं मला वाटत नाही.

मुलगी आता नववीत. एनआयटीसारख्या संस्थांच्या डासा प्रवेश योजनेत आखाती देशांत काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात. प्रवेश जेईई मेनच्या गुणांवर, आणि शिक्षणशुल्क इतर अनिवासींच्या तुलनेत खूपच कमी. म्हणून बारावीपर्यंत तिथेच राहायचं ठरतंय, म्हणजे अजून तीन वर्षं.

तेवढ्यात नवऱ्याच्या कंपनीने त्याला स्वतःचा व्हिसा देऊ केला. बाईंच्या व्हिसावर राहणं स्वस्त आणि बिनकटकटीचं होतं. पण त्याचा पगार ४,५००, म्हणजे ४,००० च्या वर. बाईंची नोकरी उद्या गेली तर मुलांचे व्हिसा त्याच्या नावावर हलवता येतील. विम्याचे वर्षाचे ८०० वाचतील ते वेगळेच. दोघांनी दोन संध्याकाळ वाद घातला आणि व्हिसा बदलून घेतला. मुलांच्या फीची निम्मी सवलत, वर्षाची नऊ हजारांची, अजून बाईंच्याच नोकरीवर आहे. ती दुसरीकडे हलवायची सोय नाही.